बेळगाव भागातून कॉलेज स्प्रिंटर व्हायचंय? मग सुरुवात अशी करा

आपल्याकडं पळणारी पोरं कमी नाहीत. बेळगाव असू दे, खानापूर, निपाणी नाहीतर चिकोडी, पहाटे साडेपाचला कुठल्याही रस्त्यावर जा, भरतीची तयारी करणारी पोरं घोळक्यानं पळताना दिसतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर गावातच, प्रत्येक गल्लीत एखादा तरी फौजी, त्यामुळं पळणं म्हणजे १६०० मीटर हेच लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं. आणि परंपरा पण तशीच आहे की, १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले आणि १९ वे आले. हे सगळं अभिमानाचंच. पण याच्यात एक घोळ होतो. पीयूला (अकरावी-बारावीला) असताना एखादा पोरगा १०० मीटरला सगळ्यांना मागं टाकतो, सर त्याला बाजूला काढतात, आणि दुसऱ्या दिवसापासून तो पण त्याच घोळक्यात रोज पाच किलोमीटर पळायला लागतो. वर्षभरानं त्याचा दम वाढलेला असतो आणि स्पीड गेलेली असते. मग म्हणायचं, पोरगं लहानपणी लई फास्ट होतं.

म्हणून हे लिहायलोय. स्प्रिंटरचं, म्हणजे १०० ते ४०० मीटर फुल वेगात पळणाऱ्याचं, ट्रेनिंग वेगळं, त्याचं आठवड्याचं गणित वेगळं, त्याचं करिअर पण वेगळ्या वाटेनं जातं. कॉलेजची चार-पाच वर्षं हाच खरा काळ, त्यातलं एक वर्ष जरी चुकीच्या पळण्यात गेलं तर भरून काढणं अवघड.

आधी आपण स्प्रिंटर आहोत का ते बघा. मैदानावर टेपनं ३० मीटर मोजा, उभ्यानं सुरुवात करून फुल ताकदीनं पळा, मित्राला बाजूनं मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ काढायला सांगा. ६० मीटरचं पण तसंच. सोबत उभ्या जागेवरून लांब उडी मारून मोजा, कारण पायातला स्फोट तिथं लगेच कळतो. हे आकडे वहीत तारखेसकट लिहा, दर महिन्या-दीड महिन्यानं परत घ्या. मित्रानं स्टॉपवॉचवर सांगितलेल्या टायमिंगवर लगेच हुरळून जाऊ नका. हाताचं घड्याळ नेहमी कमी दाखवतं, कारण माणूस बंदुकीचा धूर बघून उशिरा बटण दाबतो आणि फिनिशला मात्र आधीच अंदाज घेऊन दाबून मोकळा होतो. १०० आणि २०० ला त्यात ०.२४ सेकंद मिळवायचे, ४०० ला ०.१४. म्हणजे गावच्या मीटमध्ये ११.० आली तर इलेक्ट्रॉनिकवर ती ११.२४ धरा. युनिव्हर्सिटी टीममध्ये जायचं असेल तर मागच्या वर्षीच्या इंटर युनिव्हर्सिटीचा रिझल्ट काढा, फायनलमध्ये आठव्या आलेल्याचं टायमिंग बघा, ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कपाटावर चिकटवा. पहिल्या नंबरचं नको, आठव्याचंच. तिथपर्यंत पोचलात की पुढचं आपोआप दिसायला लागतं.

आता आठवडा कसा लावायचा. फुल स्पीडचं पळणं आठवड्यात तीनच दिवस, आणि दोन स्पीडच्या दिवसांमध्ये निदान ४८ तास जाऊ द्यायचे. सोमवारी सुरुवातीच्या स्पीडचं काम, ब्लॉकमधून (स्टार्टला पाय टेकवायचा ठोकळा) किंवा उभ्यानं २० ते ३० मीटर, सहा-आठ वेळा. बुधवारी टॉप स्पीड, म्हणजे ३० मीटर हळूहळू वेग वाढवत यायचं आणि पुढचे २० मीटर पूर्ण वेगात पण सैल अंगानं पळायचं, असं चार-पाच वेळा. शुक्रवारी लांब स्प्रिंट, १०० वाल्यांना ८० ते १२०, २०० वाल्यांना १५० पर्यंत, फक्त दोन-तीनच. मधल्या दिवसात गवतावर ७० टक्क्यांनी १०० मीटरचे सैल टेम्पो, म्हणजे सावकाश पळणं, नाहीतर चालणं, मोबिलिटी. रविवारी आराम, आणि आराम म्हणजे खरोखर आराम, गल्लीतल्या क्रिकेट मॅचला जाऊन सहा ओव्हर टाकणं आरामात येत नाही.

सगळ्यात अवघड जातं ते दोन रेपच्या, म्हणजे एकेका धावेच्या, मधलं थांबणं. नियम सोपा आहे, फुल स्पीडच्या दर १० मीटरला साधारण एक मिनिट विश्रांती. ३० मीटर पळालात की तीन मिनिटं, ६० पळालात की सहा. शेजारून भरतीची पोरं घाम गाळत राउंडवर राउंड मारत असतात आणि तुम्ही सहा मिनिटं उभं, लोक म्हणतात हा काय पळतोय का फिरायला आलाय. म्हणू दे. दमलेल्या पायानं पळालेला प्रत्येक रेप शरीराला हळू पळायलाच शिकवतो. वहीत बघा, तिसऱ्या रेपपेक्षा सहावा रेप ठळक हळू झाला तर त्या दिवशीचं स्पीडचं काम संपलं, किट आवरा आणि घरी जा.

जिमला घाबरू नका. स्क्वॉट, रोमानियन डेडलिफ्ट, लंजेस, आणि नॉर्डिक कर्ल, म्हणजे गुडघ्यावर बसायचं, मित्रानं घोटे घट्ट धरायचे, आणि अंग सरळ ठेवून हळूहळू पुढं झुकत जायचं. मांडीच्या मागच्या स्नायूला याच्यापेक्षा स्वस्त आणि चांगला व्यायाम मला माहीत नाही, सतरंजी आणि एक मित्र एवढंच लागतं. जिम आठवड्यातून दोनदा, आणि ती स्पीडच्याच दिवशी संध्याकाळी करा, म्हणजे आरामाचा दिवस आरामाचा राहतो.

ब्लॉक स्टार्टवर जरा जास्त बोलतो, कारण आपल्याकडची बरीच पोरं पहिल्यांदा ब्लॉक बघतात ते थेट मीटमध्ये. कॉलेजच्या स्पोर्ट्स रूममध्ये शोधा, बऱ्याच ठिकाणी कोपऱ्यात गंजलेला का असेना एक सेट पडलेला असतो, पीडी (फिजिकल डायरेक्टर) सरांकडून मागून घ्या. पुढं कुठला पाय ठेवायचा? सरळ उभं राहा, मागून मित्राला हलकं ढकलायला सांगा, तोल सावरायला जो पाय आपोआप पुढं येतो तो साधारणपणे मागच्या ब्लॉकवर ठेवायचा, दुसरा पुढं. रेषेपासून आपल्याच पावलानं मोजा, पुढचा ब्लॉक जवळपास पावणेदोन-दोन पावलं मागं, मागचा त्याच्याही मागं एक-सव्वा पाऊल. हात खांद्याच्या रुंदीपेक्षा किंचित बाहेर, बोटांचा पूल रेषेच्या मागं, रेषेला टेकलेला नको. 'सेट' म्हटल्यावर कंबर खांद्यापेक्षा थोडी वर जाते, पुढच्या गुडघ्याचा कोन ९० च्या आसपास, मागचा त्यापेक्षा बराच उघडा. तिथं श्वास धरून पुतळ्यासारखं थांबायचं. बंदूक झाली की वर उठायचं नाही, दोन्ही ब्लॉक जोरात मागं ढकलायचे आणि अंग तिरकं पुढं जाऊ द्यायचं, नजर ट्रॅकवरच. मातीच्या मैदानावर ब्लॉक ठोकल्यावर एकदा पायानं हलवून बघा, पावसानंतर खिळे माती धरत नाहीत आणि पहिल्याच ढकलीत ब्लॉक मागं सरकतो, तसं वाटलं तर मित्राला मागून ब्लॉकवर पाय देऊन उभं करा.

फॉल्स स्टार्टला, म्हणजे बंदुकीच्या आधी सुटण्याला, दुसरा चान्स नसतो. २०१० पासून पहिल्याच चुकीला बाहेर. २०११ ला देगूच्या वर्ल्ड चॅम्पियनशिप फायनलमध्ये खुद्द उसेन बोल्ट असाच बाहेर गेला. इलेक्ट्रॉनिक ब्लॉक असतील तर बंदुकीनंतर ०.१०० सेकंदाच्या आत प्रेशर आलं तरी फॉल्स धरतात. त्यामुळं आवाजाचा अंदाज बांधून सुटायची सवयच लावून घेऊ नका, प्रॅक्टिसला मित्राला टाळी कधी लवकर कधी उशिरा वाजवायला सांगा, कधीतरी अजिबात वाजवू नको म्हणून सांगा.

शेवटच्या ३० मीटरला सगळी पोरं दात-ओठ खातात, खांदे कानाला लागतात, मान मागं जाते, आणि तिथंच रेस जाते. बोल्टनं २००९ ला बर्लिनला ९.५८ मारली तेव्हा त्याची पण शेवटच्या २० मीटरला स्पीड किंचित उतरलीच होती. तिथं कुणाचीच वाढत नाही, ज्याची कमी उतरते तो जिंकतो. म्हणून जबडा सैल, हात सैल, आणि टेपच्या पुढं पाच मीटर फिनिश आहे असं धरून पळा.

रिलेला कमी समजू नका. युनिव्हर्सिटीत १०० ला तुमचा पाचवा नंबर असेल तर वैयक्तिक इव्हेंट मिळणार नाही, पण ४×१०० च्या कॅम्पला नाव येऊ शकतं, आणि रिलेच्या मेडलचं सर्टिफिकेट पण मेडलचंच असतं. बॅटन (रिलेची कांडी) बदलायला आता ३० मीटरचा झोन मिळतो. घेणाऱ्यानं मागं आपल्या पावलानं वीस-पंचवीस पावलं मोजून टेपची खूण लावायची, देणारा त्या खुणेवर आला की मागं न बघता सुटायचं, मागून 'हात' ऐकू आलं की हात मागं. खूण लवकर ओलांडली वाटतेय म्हणून थांबून बघायचं नाही, चुकलं तर पुढच्या वेळी खूण हलवा. हे चौघांनी एकत्र करायचं काम आहे, आणि आपल्या कॉलेजांत ते मीटच्या आदल्या दिवशी करतात. तुम्ही महिनाभर आधी सुरू केलंत तर तुमच्यापेक्षा फास्ट टीमला मागं टाकाल, हे मी दरवर्षी बघतो.

पावसाळा हा आपला मोठा प्रश्न. जून ते सप्टेंबर खानापूर बाजूला तर मैदान म्हणजे नुसता चिखल. हा काळ जिमचा आणि चढाचा. येळ्ळूरच्या राजहंसगडाकडं जाणाऱ्या चढासारखा एखादा छोटा, घसरडा नसलेला, गाड्या कमी असलेला चढ शोधा, ३० मीटर वर पळा, चालत खाली या. चढावर पाय आपोआप बरोबर पडतो आणि मांडीला ओढ कमी बसते. उघडीप मिळाली की गवत, मग माती, मग ट्रॅक. सिंथेटिक ट्रॅकवर पळायची सवय नसेल तर मीटच्या आधी एक-दोन सेशन तरी करून या, धारवाडचं आर. एन. शेट्टी स्टेडियम काही लांब नाही. पण पहिल्याच दिवशी तिथं फुल वर्कआउट नको, पोटऱ्या धरतात. स्पाइक, म्हणजे खिळ्यांचे बूट, दोन-तीन हजारातले पुरेत, सिंथेटिकवर ६ मिलिमीटरचे खिळे, ९ च्या वर चालत नाहीत, स्पाइकची चावी बॅगेत कायम.

हॅमस्ट्रिंग. मांडीच्या मागं 'टक्' झालं की तिथल्या तिथं थांबा. आपल्याकडं लगेच कुणाकडं तरी चोळायला नेतात, गरम तेल, जोरात दाबून मालिश. पहिले दोन-तीन दिवस हे अजिबात करू नका, आत रक्त साकळलेलं असतं, चोळून ते वाढतं. जोरात ताणणं पण नको. पट्टी बांधा, बर्फ कापडात गुंडाळून लावा, दुखणार नाही एवढं चाला, आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. काळं-निळं पडलं असेल किंवा चालताच येत नसेल तर डॉक्टरच. आणि दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं नसतं, आधी जॉगिंग, मग ७० टक्के, मग ९०, प्रत्येक पायरीला काही दिवस. घाईत परत आलेल्या पोराची तीच मांडी त्याच सीझनला परत जाते.

खाण्याचं फार अवघड करू नका. भाकरी, उसळ, पिठलं, अंडी, दूध-दही, शेंगदाणे-गूळ, परवडेल तेव्हा चिकन किंवा मासे. दिवसाला वजनाच्या किलोमागं साधारण दीड ग्रॅमच्या वर प्रोटीन जावं. ६५ किलोच्या पोराला म्हणजे १०० ग्रॅमच्या आसपास, आणि एका अंड्यात सहा ग्रॅम असतं, म्हणजे नुसत्या भात-आमटीवर हे जमणार नाही हे घरी आईला समजावून सांगा. मीटच्या दिवशी हीट (पहिली फेरी) सकाळी नऊला आणि फायनल दुपारी चारला असते, मधल्या वेळात पोरं बाहेरच्या गाड्यावर वडापाव-भजी खाऊन येतात आणि फायनलला पोट घेऊन पळतात. डब्यात केळी, दहीभात, चपाती-गूळ घेऊन जा, सावलीत पाय पसरून पडा.

आणि हे नीट वाचा. जिममध्ये कुणी ताकदीचं इंजेक्शन, बिनलेबलची पावडर, 'काही होत नाही रे' म्हणून गोळी दिली तर घेऊ नका. नाडाचे, म्हणजे देशाच्या डोपिंगविरोधी संस्थेचे, लोक युनिव्हर्सिटीच्या मीटला पण टेस्टिंगला येऊ शकतात, आणि शरीरात सापडलं की जबाबदारी तुमचीच, कुणी दिलं हे सांगून सुटका होत नाही. बंदी चार वर्षांपर्यंत जाते. कॉलेजच्या पोरासाठी चार वर्षं म्हणजे सगळं करिअरच. सर्दीच्या काही गोळ्यांत स्युडोएफेड्रिन असतं, मीटच्या दिवसात ते पण अडचणीत आणतं. अजून एक, अशक्तपणा वाटला की आपल्याकडं सलाईन लावून घेतात. १२ तासात १०० मिलिलिटरच्या वर सलाईन, हॉस्पिटलमधल्या उपचाराचा भाग नसेल तर, नियमात बसत नाही. डॉक्टरांना आधीच सांगा मी ॲथलीट आहे, आणि औषध घ्यायच्या आधी नाडाच्या 'नो युअर मेडिसिन' ॲपवर बघा.

पोरींसाठी थोडं वेगळं सांगतो. हिमोग्लोबिन वर्षातून दोनदा तपासून घ्या, दम लागतो म्हणून जास्त पळवणाऱ्या सरांना तो रिपोर्ट दाखवा. पाळी महिनोन्महिने बंद झाली तर ते ट्रेनिंग चांगलं चालल्याचं लक्षण नाही, खाणं कमी पडतंय, डॉक्टरांकडं जा. शॉर्ट्सवरून घरी कटकट होते, पहाटे अंधारात एकटीला पाठवत नाहीत, हे खरं आहे, तर दोघी-तिघींचा ग्रुप करा, वेळ संध्याकाळची ठेवा, आणि एकदा आई-वडिलांना मीट बघायला घेऊन जा. लेकीला पळताना एकदा बघितलं की बऱ्याच घरांतला विरोध तिथंच मावळतो. २०१८ ला ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ४०० मीटरचं गोल्ड आणणारी हिमा दास पण आसामच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याचीच मुलगी.

आता वाट कशी जाते ते. पीयूला असताना पीयू बोर्डाच्या तालुका-जिल्हा-राज्य स्पर्धा. डिग्रीला गेलात की कॉलेज, मग राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटीची इंटर कॉलेज मीट, इंजिनिअरिंगवाल्यांना व्हीटीयूची, तिथून टीममध्ये निवड झाली की ऑल इंडिया इंटर युनिव्हर्सिटी, आणि तिथल्या रिझल्टवरून खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स. इंटर युनिव्हर्सिटीला वय १७ ते २५ मध्ये लागतं, तेव्हा दोन-तीन वर्षं गॅप घेऊन मग ॲडमिशन घेऊ असं करू नका. याच्या शेजारून दुसरी वाट आहे, ॲथलेटिक्स असोसिएशनची. जिल्हा मीट, स्टेट मीट, मग नॅशनल. ती सोडू नका, त्यासाठी फेडरेशनचं रजिस्ट्रेशन आणि जन्माचा दाखला लागतो. आणि तिसरी, दसऱ्याचं क्रीडाकूट, म्हणजे क्रीडा स्पर्धा, तालुका, जिल्हा, बेळगाव विभाग आणि मग म्हैसूर. तिथं कॉलेजचा शिक्का लागत नाही, शिक्षण सुटलेल्या पोरांनी पण पळावं.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका, पीडी सर संध्याकाळी मैदानावर असतात का ते बघा. सीनियर पोरांना विचारा, मीटला टीए-डीए मिळतो का, हजेरी धरतात का, स्पोर्ट्स कोट्यात फी माफ होते का. मराठी मीडियममधून आलेल्या पोरांची एक अडचण असते, सर्क्युलर कन्नड किंवा इंग्लिशमध्ये येतं, ग्रुपवर पडतं आणि तारीख निघून जाते. कन्नड येणारा मित्र जोडून ठेवा, आणि स्वतः पण वाचायला शिका, बेंगळुरूला कांतीरवा स्टेडियमवर गेल्यावर कॉल रूमपासून जेवणाच्या लायनीपर्यंत सगळीकडं उपयोग होतो.

सर्टिफिकेटची एक फाईल करा. मूळ प्रत प्लास्टिकमध्ये, झेरॉक्सचे दोन सेट, मोबाईलमध्ये फोटो. मीट संपल्यावर सर्टिफिकेट हातात घेतल्याशिवाय बस पकडू नका, नंतर देतो म्हणालेलं वर्षानुवर्षं मिळत नाही. नाव, जन्मतारीख, इव्हेंट, नंबर एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डाशी जुळतंय का तिथंच तपासा. नोकरीच्या वेळी याच कागदावर सगळं अडतं.

नोकरीचं म्हणाल तर रेल्वेचा स्पोर्ट्स कोटा, आर्मीत खेळाडूंसाठी थेट हवालदार भरती, कर्नाटक पोलीस आणि इतर खात्यांतल्या खेळाडूंच्या जागा, हे मुख्य. प्रत्येक जाहिरातीत कुठल्या स्पर्धेचं, कितवा नंबर आणि किती वर्षांच्या आतलं सर्टिफिकेट चालेल ते लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. महाराष्ट्रात खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे म्हणून बरीच पोरं तिकडं डोळे लावून बसतात, पण त्याला महाराष्ट्राचं डोमिसाईल लागतं. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना तिकडच्या सरकारी भरतीत रहिवासाच्या दाखल्यावर अर्ज करता येतो, पण खेळाडूंच्या कोट्याला ते लागू आहे का हे त्या-त्या जाहिरातीत बघा, कुणाच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नका.

आणि वर जायचंच असेल तर आत्ताचा काळ चांगला आहे. आपल्याच कर्नाटकच्या मणिकंठ होबळीदारनं २०२३ ला बेंगळुरूत १०.२३ मारून १०० मीटरचा नॅशनल रेकॉर्ड केला, २०२५ ला गुरिंदरवीर सिंगनं तो १०.२० वर आणला, आणि त्याच वर्षी अनिमेष कुजूर १०.१८ पळाला. खेलो इंडियाच्या स्कीममध्ये निवड झाली तर वर्षाला ६ लाख २८ हजारांपर्यंतचा खर्च धरलेला असतो, त्यातले महिन्याला १० हजार खर्चायला हातात मिळतात.

ज्यांचं टायमिंग तिथपर्यंत जाणार नाही त्यांनी डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला बीपीएडचा (शारीरिक शिक्षणाच्या डिग्रीचा) विचार सुरू करावा, पुढं एमपीएड आणि नेट किंवा केसेट ही पात्रता परीक्षा केली तर कॉलेजला फिजिकल डायरेक्टर होता येतं. कोचिंगची आवड असेल तर पतियाळाच्या एनआयएस या क्रीडा संस्थेचा एक वर्षाचा डिप्लोमा, आणि तो लगेच जमत नसेल तर तिथलाच सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स. ॲडमिशनला खेळाची सर्टिफिकेट्स विचारतात, तेव्हा ती फाईल इथं पण लागते.